झाकली मूठ आणि जुनी मोटार

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणत्या प्रसंगी लागू करावयाची आणि कोणत्या प्रसंगी नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. घरातील वैगुण्ये चारचौघांत उघडी करू नयेत, एवढ्यापुरती ती शहाणपणाची आहे. परंतु मुठीतील वस्तू दुसऱ्यास विकावयाची असेल आणि तिचे मोल त्याने रोख मोजावयाचे असेल, तर मूठ झाकून ठेवणे हे शहाणपण की लबाडी, असा प्रश्न उभा राहतो. आजच्या शहरी संसारात हा प्रश्न ज्या व्यवहारात वारंवार उपस्थित होतो, तो म्हणजे जुनी मोटार देऊन नवी घेण्याचा.

या व्यवहाराची रीत बहुतेकांस परिचित आहे. नव्या मोटारीचा विक्रेता जुनी मोटार पाहण्यास आपला पारखी पाठवितो. तो पत्र्यावरून हात फिरवितो, रंगाची जाडी यंत्राने मोजतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, दोन गल्ल्या चालवून आणतो आणि एक आकडा सांगतो. तेवढी रक्कम नव्या मोटारीच्या किमतीतून वजा होते. हे सारे तासाभरात आटोपते. परंतु मालकाने ती मोटार आठ-दहा वर्षे वापरलेली असते. तिच्या खोडी त्यास जितक्या ठाऊक, तितक्या तासाभराच्या पाहुण्यास कोठून ठाऊक असणार?

समजा, पुण्यातील एका गृहस्थाची मोटार एका पावसाळ्यात आसनांपर्यंत पाण्यात उभी राहिली. दुरुस्ती झाली, आतील गालिचे बदलले, मोटार पूर्ववत धावू लागली. मात्र तेव्हापासून वर्षातून दोन-तीन वेळा, दमट हवेत, सुकाणूचे चाक एकाएकी जड होते आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सुरळीत चालते. पारखी येतो त्या दिवशी लख्ख ऊन असते. तो काही विचारीत नाही. गृहस्थानेही खोटे असे काहीच सांगितलेले नाही. अशा वेळी त्याने आपण होऊन तोंड उघडावे काय?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. वस्तुविक्रीविषयीचा १९३० चा कायदा सामान्यतः घेणाऱ्यावरच सावधगिरीचा भार टाकतो, मात्र त्यास काही अपवादही ठेवतो. करारांविषयीचा १८७२ चा कायदा, जो आजही लागू आहे, त्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या केली असून, बोलण्याचे कर्तव्य नसता केवळ मौन पाळणे ही फसवणूक नव्हे, असे तेथे म्हटले आहे. त्या कलमाखालील उदाहरणे मोठी मार्मिक आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्यास ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे घोड्याचा दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, 'तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन', तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

घोड्याच्या जागी मोटार आली एवढाच काय तो बदल. या आधारावर पुण्याचा तो गृहस्थ कदाचित निर्दोष सुटेल. तथापि कायद्याने शिक्षा होत नाही एवढ्यावरून एखादे कृत्य योग्य ठरत नाही. न्यायालयात खेचले जाण्याची सीमा कोठे आहे, ते कायदा दाखवितो. सद्गृहस्थाने कोठे थांबावे, हे त्याने स्वतः ठरवावयाचे असते.

आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रकारांनी या बाबतीत विक्रेत्यास अधिक जखडले होते. भेसळीचा, निकस, वजनात कमी अथवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असा निर्बंध मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत घेतलेली वस्तू पारखण्यास मुदती नेमून दिल्या आहेत: लोखंडास १ दिवस, दुभत्या जनावरास ३, ओझ्याच्या जनावरास ५, रत्नास ७ आणि बियाण्यास १०. मुदतींचा हा क्रम सहज केलेला दिसत नाही. ज्या वस्तूचा दोष पाहताक्षणी दिसतो तिला थोडा अवधी आणि ज्या वस्तूचा दोष वापरानंतरच कळतो तिला अधिक, असेच त्यामागील तत्त्व दिसते. कौटिल्याने तर रोगी जनावर निरोगी म्हणून खपविणाऱ्यास १२ पणांचा दंड सांगितला आहे. दोष दडलेला असतो, तो प्रकट होण्यास काळ लागतो, आणि तोवर घेणारा विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो, हे या शास्त्रकारांनी पुरते ओळखले होते.

हाच वाद रोमन ग्रंथकार सिसरो याने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात मांडला आहे. एका मनुष्यास आपले घर विकावयाचे आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात, लाकूड किडलेले आहे. पण हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. अँटिपेटर या तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की, हे न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहूनही वाईट. डायोजिनीस या दुसऱ्या तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की, घ्यावयास कोणी बळजबरी केलेली नाही. आणि आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता हा मूर्ख होय. सिसरोने निकाल अँटिपेटरच्या बाजूने दिला. प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे, हे त्यास मान्य होते. परंतु जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे, ते केवळ आपल्या लाभासाठी त्यास कळू न देणे, यास तो लपवणूक म्हणतो.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. घर घेणारा सामान्य मनुष्य असतो. मोटारीचा व्यापारी तर या धंद्यात मुरलेला असतो. तो भाव पाडूनच सांगतो, चार दोष गृहीतच धरतो. त्यास आपण होऊन आणखी कारण पुरविणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे नव्हे काय?

हा आक्षेप वरवर सबळ दिसतो, पण त्यात एक मोठी गफलत आहे. ती मोटार व्यापारी स्वतःच्या दारात ठेवण्यासाठी घेत नाही. धुऊनपुसून, चकाकी देऊन तो ती महिन्या-दोन महिन्यांत तिसऱ्यास विकतो. जुनी मोटार घेणारा हा तिसरा मनुष्य बहुधा नवी घेण्याची ऐपत नसलेला असतो. नुकतीच नोकरीस लागलेली एखादी मुलगी असेल, किंवा आईवडिलांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी कर्ज काढणारा एखादा कारकून असेल. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर सुकाणू जड होईल तेव्हा चाकामागे व्यापारी नसेल, ती मुलगी असेल. १८७२ च्या कायद्याने स्वतःच्या मुलीस जे सांगणे कर्तव्य ठरविले, ते दुसऱ्याच्या मुलीपासून लपविण्यास नीतीचा आधार कोठून आणावयाचा? व्यापाऱ्याशी झालेला सौदा हा वस्तुतः एका अपरिचित कुटुंबाशी झालेला सौदा असतो. मधला मनुष्य केवळ दार असतो.

दुसरे असे की, या मौनाचे नुकसान प्रामाणिक विक्रेत्यासही पोहोचते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या तिघांत ते होते. त्यांच्या विवेचनाचा आशय थोडक्यात असा: कोणती मोटार चांगली आणि कोणती खराब, हे विक्रेत्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा सरसकट मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून अंग काढून घेतात. खराब मोटारींचे प्रमाण वाढते आणि भाव आणखी उतरतो. दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो, तसा हा प्रकार आहे. व्यापारी भाव पाडून सांगतो ही तक्रार खरी असेल. परंतु तो पाडतो याचे एक कारण, आधीच्या अनेकांनी त्याच्यापासून काही ना काही दडविलेले असते, हेही तितकेच खरे.

मग काय, दरवाजाची प्रत्येक करकर आणि पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा मोजून दाखवावा? तसे नव्हे. वयोमानाने येणारी झीज आणि डोळ्यांस दिसणारे डाग पारखी पाहतोच; त्यांची जंत्री देण्याचे कारण नाही. सांगावयाचे दोष ते, जे मालकास ठाऊक आहेत पण साध्या पाहणीत सापडत नाहीत. त्यांतही जिवाशी गाठ असलेले दोष प्रथम: ब्रेक, सुकाणू, अपघातात वाकून सरळ केलेला सांगाडा, एकदा फुगून गेल्यावर पुन्हा न बसविलेली एअरबॅग. त्यानंतर किमतीवर परिणाम करणाऱ्या गोष्टी: मोठा अपघात, विमा कंपनीकडून घेतलेली भरपाई, बदललेले अंतरमापक, मोटारीवरील न फिटलेले कर्ज. नक्की ठाऊक नसेल तर संशय हा संशय म्हणूनच सांगावा. त्यास निदानाचे रूप देण्याची गरज नाही.

पाण्यात बुडालेल्या मोटारीचा उल्लेख तर कधीच टाळू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा मोटारीचे दुखणे लगेच दिसत नाही. पाणी ओसरते, पण तारांच्या जोडांत ओल आणि गाळ राहतो. त्यावर गंज चढतो, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, एखादा दिवा, एखादी खिडकी किंवा ब्रेकची विद्युतयंत्रणा दगा देते. पारखी सुटी चाकाची खोबण आणि आसनांच्या पट्ट्यांची मुळे तपासून पाहतो खरा. पण नीट साफ केलेल्या मोटारीत त्यासही पत्ता लागेलच असे नाही.

मौन आणि सोंग यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. आवाज दबावा म्हणून इंजिनात जाड तेल ओतणे, धोक्याचा दिवा लागत असता पारखी येण्याच्या सकाळी तो यंत्राने पुसून घेणे, अंतरमापकाचे आकडे मागे फिरविणे, ही केवळ न बोलण्याची उदाहरणे नव्हेत. येथे जीभ स्वस्थ असली तरी हात खोटे बोलतात. अशा कृत्यास कायद्याच्या मौनाची ढाल मिळत नाही, कारण दोष हेतुपुरस्सर झाकणे ही त्याच १७ व्या कलमानुसार फसवणूकच आहे.

जबाबदारी एकट्या मालकाची आहे, असे मात्र कोणी समजू नये. पारख्याने स्पष्ट विचारावे आणि जे कळले ते व्यापाऱ्याने पुढच्या गिऱ्हाइकास सांगावे. घेणाऱ्याने दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून मोटार पाहून घ्यावी, आणि उन्हात न भागता पाऊस पडत असतानाही ती चालवून पाहावी. नोंदणीकृत मालकाचे नाव बदलेपर्यंत अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. पुढे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी, अधिकृत व्यापाऱ्याकडे मोटार सोपवून तशी सूचना नोंदणी कार्यालयास दिली की तो व्यापारीच मालक समजला जातो. कागदावरची मालकी अशी हस्तांतरित होते. पण मोटारीविषयीचे ज्ञान कोणत्याही नमुन्यावर सही करून हस्तांतरित होत नाही. ते मालकाने सांगितले तरच पुढे जाते.

यासाठी एक सोपा मार्ग आहे. मोटार दाखविण्यापूर्वी दोष एखाद्या कारखान्यात तपासून दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. अंदाज हाती असला म्हणजे आठ हजारांच्या दोषापायी व्यापाऱ्यास तीस हजार कापता येत नाहीत. मग एका कागदावर ठाऊक असलेले दोष चार ओळींत लिहून दोन प्रती कराव्यात. एक व्यापाऱ्यास द्यावी, दुसरीवर त्याची सही घेऊन आपल्याजवळ ठेवावी. पुण्याच्या त्या गृहस्थाचा कागद असा असेल: 'ही मोटार एका पावसाळ्यात आसनांपर्यंत पाण्यात होती. दमट हवेत सुकाणू कधी कधी जड होते. कारण सापडलेले नाही. दुरुस्तीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.'

यामुळे काही हजार रुपये कमी मिळतील, हे लपविण्याचे कारण नाही. ते रुपये मुळात त्या गृहस्थाचे नव्हतेच. दोष नसलेल्या मोटारीचे ते मोल होते आणि तशी मोटार त्याच्याजवळ नव्हती. आणि दोष जिवावर बेतणारा असेल, तर केवळ कागद देऊनही कर्तव्य संपत नाही, कारण तो कागद शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडेलच याची शाश्वती नसते. अशी मोटार आधी दुरुस्त करावी. दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर ती रीतसर मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी. तिची किंमत तेथे थोडी येईल, पण तिच्यात पुन्हा कोणाचे कुटुंब बसणार नाही.