पाऊल, घोटा आणि पीआरपी : अध्यक्षीय भाषण

प्लेटलेट हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवला तो डेंग्यूने. एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्त गोठवणे हे त्यांचे सर्वांना ठाऊक असलेले काम. पण जखमेपाशी चिकटल्यावर प्लेटलेटमधल्या अल्फा कणिका रिकाम्या होतात आणि पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ यांसारखी वृद्धिघटक प्रथिने बाहेर पडतात. त्यांच्यामुळे दुरुस्तीच्या पेशी गोळा होतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजन तयार होऊ लागते. पीआरपी, म्हणजे प्लेटलेटसमृद्ध रक्तद्रव, हा उपचार या दुसऱ्या कामाच्या भरवशावर उभा आहे.

रुग्णाच्याच दंडातून साधारण १५ ते ६० मिलिलिटर रक्त घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो. मधल्या पातळ थरालगत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी असतात. त्यातून काढलेले काही मिलिलिटर सोनोग्राफीच्या मदतीने दुखऱ्या जागी टोचतात. पुढचे एकदोन दिवस ठणका वाढतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या या काळात टाळायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटच्याच कामात अडथळा आणतात.

पावलाच्या बाबतीत या उपचाराचा मोह का पडावा, हे शरीररचनेतच दिसते. पोटरीतून टाचेकडे उतरणारी अकिलीस कंडरा टाचेच्या हाडाच्या वर २ ते ६ सेंटीमीटरच्या टप्प्यात रक्तपुरवठ्याला दुबळी असते, आणि बहुधा तिथेच ती झिजते किंवा तुटते. जिथे रक्त पुरेसे पोचत नाही, तिथे त्यातला उपयोगी अंश सुईने पोचवावा, असा हा सरळ युक्तिवाद. शिवाय ‘तुमचेच रक्त’ हे दोन शब्द रुग्णाची भीती घालवायला पुरेसे होतात.

युक्तिवादाला प्रसिद्धी मिळाली ती पुराव्याच्या आधी. १९९८ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमांत पीआरपी वापरल्याचे प्रसिद्ध केले. २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड गुडघ्याच्या दुखापतीवर ते टोचून घेऊन सुपर बोलमध्ये उतरला आणि खेळाडूंच्या रांगा लागल्या. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० मध्ये स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती उठवली.

चाचण्यांनी मात्र उत्साहाला लगाम घातला. अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्यावर नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांना पीआरपी किंवा साधे सलाइन टोचले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २४ आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते, पण त्यांच्यात फरक नव्हता. व्यायाम दोघांनाही दिला होता, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या २४० रुग्णांच्या चाचणीत पीआरपीची तुलना लटक्या इंजेक्शनशी झाली. सहा महिन्यांनी उत्तर तेच आले. कंडरा तुटलेल्या, पण शस्त्रक्रिया न केलेल्या २३० रुग्णांत (२०१९) लाभ दिसला नाही. घोट्याच्या सांध्याची झीज झालेल्या १०० रुग्णांतही (२०२१) सलाइनच बरोबरीत राहिले. पाय मुरगळून लिगामेंट ताणल्यास बर्फ, आधाराचा पट्टा आणि लवकर सुरू केलेली हालचाल यांना मागे टाकील असा पुरावा पीआरपीकडे नाही.

सकाळी उठून पहिले पाऊल टेकताना कळ येते ती टाचदुखी, प्लांटर फॅशिआयटिस, हे प्रकरण थोडे वेगळे आहे. नेदरलँड्समधल्याच ११५ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) वर्षभरानंतर पीआरपी गटाच्या वेदना स्टेरॉइड गटापेक्षा कमी होत्या. पण स्टेरॉइडचा गुण काही आठवड्यांत ओसरतो, आणि वारंवार टोचल्यास तळव्याचा पडदा फाटण्याची, टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याची जोखीम असते. अशा प्रतिस्पर्ध्यावर मिळालेला विजय मोठा मानू नये. त्यात बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात आपोआप शमते.

निकालांतल्या गोंधळाचे एक कारण नावातच आहे. पीआरपी म्हणजे मूळच्या तिप्पट ते पाचपट प्लेटलेट, असे ढोबळ मानले जाते. पण एका यंत्रात रक्त एकदा फिरते, दुसऱ्यात दोनदा. कुठे पांढऱ्या पेशी ठेवतात, कुठे गाळतात. रुग्णाचे मूळचे आकडेही वेगळे. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, या सिरिंजवर काहीच नसते.

तुलनेला अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्यावरची, स्वीडनमधल्या हाकान आल्फ्रेडसन यांची १९९८ ची व्यायामपद्धत ठेवावी. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळांचे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोजच्या १८० वेळा होतात. त्याला खर्च नाही आणि म्हणून त्याची जाहिरातही नाही.

जंतुसंसर्गाची शक्यता अत्यल्प असल्याने पीआरपी धोकादायक म्हणता येत नाही. पण निरुपद्रवी असणे हा गुणकारी असण्याचा दाखला नव्हे. जुनाट टाचदुखीत, ताणाचे व्यायाम, योग्य पादत्राण आणि काही महिन्यांचा धीर संपल्यावर, खर्च व अनिश्चितता स्पष्ट सांगून ते द्यायला हरकत नाही. अकिलीस कंडरेसाठी नेहमीचा उपचार म्हणून ते देऊ नये. आणि जिथे दिले जाईल तिथे, या परिषदेला जमलेल्या प्रत्येक चिकित्सकाने केसपेपरवर एवढे तरी नोंदवावे : रुग्णाच्या मूळ प्लेटलेट किती, तयार द्रवात किती, रक्त किती वेळा फिरवले, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, आणि सहा महिन्यांनी रुग्ण कसा चालत होता.