हांकेच्या डबीचें लांकूड

अमेरिकेंत वसंत ऋतूंत रानटर्कीची शिकार मादीच्या आवाजाची नक्कल करून केली जाते. हांक ऐकून नर जवळ येतो. पण सूर खोटा वाटला, तर तो गप्प होऊन रानांत नाहींसा होतो. या हांकेसाठीं पुष्कळ शिकारी एक उथळ, वाटोळी लांकडी डबी स्वतःच्या हातानें बनवितात. तिच्या तोंडावर पाटीच्या दगडाची किंवा कांचेची चकती असते. चकतीवर लांकडी दांडी घांसली कीं कंप उठतो, डबीच्या पोकळींत तो घुमतो आणि बुडाच्या भोकांतून बाहेर पडतो.

१८९७ सालीं हेन्री गिब्सन यानें पेटंट घेतलेल्या पेटींत लांकडावर लांकूडच घांसावयाचें असे. डबींत आवाज उठतो चकतीचा. लांकूड त्यास वळण देतें. मेपलसारख्या घट्ट लांकडानें सूर बहुधा तीक्ष्ण होतो, अक्रोडानें कांहींसा मऊ.

म्हणून नवशिक्यानें रेषांच्या शोभेस भुलूं नये. पहिली परीक्षा वाळवणीची. ओल्या लांकडाची डबी पुढें आकसते, तिचा गोलावा बिघडतो व चिकटविलेली चकती सुटते. इंचभर जाडीची फळी हवेंत वाळण्यास सुमारें एक वर्ष लागतें. दुसरी परीक्षा तंतूंची. ते सरळ असावे, गांठ किंवा चीर नसावी. तिसरी कानाची. निरनिराळ्या लांकडांच्या, पण एकाच मापाच्या दोन डब्या करून वाजवाव्या. दांडी मात्र तीच ठेवावी; कारण दांडी बदलली कीं सूरही बदलतो, आणि गुण कोणाचा तें कळत नाहीं.