पाळीची झोप



गणिताच्या गुरुजींच्या स्मृतिदिनी मराठीच्या माणसाने संवेदकांच्या जाळ्यांविषयी बोलावे, हा अधिकाराचा अतिक्रमच होय. पण विषयाचा पहिला धडा गुरुजींनीच दिला आहे.

मल्हारगंजातील आमच्या वाड्यात बिऱ्हाडे आठ आणि नळ एक. नर्मदेचे पाणी इंदुरात यायला १९७८ साल उजाडायचे होते. उन्हाळ्यात पाणी रात्री केव्हा येईल याचा नेम नसे. म्हणून पाळी लावलेली. ज्याची पाळी, त्याने तासातासाने उठून तोटी पाहावी आणि पाणी आले की सर्वांच्या कड्या वाजवाव्यात. एका रात्री मी दोनला उठलो, तीनला उठलो. मधल्या वेळात पाणी येऊन गेले. सकाळी शेजारच्या बिऱ्हाडातून गुरुजींनी विचारले, "पाणी किती वेळ असते रे?" "अर्धा तास." "मग तासाने उठून कसे भागेल?"

डोंगरकड्यावर बसवलेल्या संवेदकाचा प्रश्न हाच आहे. त्याची सारी शिदोरी म्हणजे दोन पेन्सिल सेल. नवल असे, की त्याला बोलण्यापेक्षा ऐकत बसणे महाग पडते. सीसी २४२० या रेडिओ-चिपेला संदेश धाडताना १७.४ मिलिअँपिअर वीज लागते, ऐकताना १८.८, कोणी बोलो वा न बोलो. कान सतत उघडा ठेवला तर सेल पाच-सहा दिवसांत संपतील. शंभरातला एकच क्षण जागे राहिल्यास हिशेबाने दीड वर्ष पुरतील. मात्र शेजाऱ्यानेही नेमक्या त्याच क्षणी जागे असले पाहिजे. घड्याळे जुळली नाहीत तर निरोप वाऱ्यावर जातो.

२२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसे गेली. पुढे २००५ च्या सुमारास मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी सहकाऱ्यांसह 'सेनस्लाइड' या जाळ्याची मांडणी केली. खडकातील ताण मोजून दरडीची पूर्वसूचना मिळवावी, हा तिचा हेतू.

अशा ठिकाणी केवळ ठरीव पाळी पुरत नाही. ताण स्थिर असता संवेदकाने दीर्घ निजावे. तो वाढू लागताच वारंवार मोजावे, आणि तापमानाची नोंद, सेलांची स्थिती ही कामे मागे सारून ती एकच वार्ता पुढे धाडावी. परंतु प्रत्येक सरीला दचकून उठणारा संवेदक श्रावणापूर्वीच रिता होईल. किती ताणाला जागे व्हायचे, हे पावसाळ्याआधी कोणीतरी ठरवून द्यावे लागते. त्या रात्री कड्यावर विचारायला गुरुजी नसतात.