होई आनला शिमगा

(मार्च १९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, फक्त कॉम्प्युटरवर नको. मी म्हटलं, मग प्रवासावर बोलते. तर म्हणाले, चालेल, पण फोटो शंभर दाखवू नकोस. त्यामुळे आज एकही फोटो नाही. ज्यांना बघायचेत त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसावं, आपल्या जबाबदारीवर.

यंदाच्या मार्चमध्ये मी आणि माझा नवरा व्हिएतनाममधल्या होई आन नावाच्या गावी जाऊन राहिलो. पाठीवर प्रत्येकी सात किलोची बॅग, टूर कंपनी नाही, सोबत खाकऱ्याचं एक पाकीट. निमित्त फार थोर नव्हतं. मुलगा इंजिनिअरिंगला वसतिगृहात गेला होता आणि आमच्या दोघांच्याही रजा ३१ मार्चला बुडणार होत्या. गेली चार वर्षं आम्ही एकाच घरात दोन खोल्यांत बसून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटिंगा करतोय. "जेवायला ये" हासुद्धा आमच्याकडे मेसेज असतो. म्हटलं, बघू तरी, बारा दिवस समोरासमोर बसवतंय का.

आईला फोनवर सांगितलं तर ती भडकलीच. "शिमग्याला पालखी दारात येते, मुंबईहून चाकरमानी रात्रभर उभ्याने येतात, आणि तुम्ही कुठे, तर व्हिएतनामला!" नागपूरच्या जावयाने तिला समजावलं की आम्ही होळीला तिथे नारळ वाढवू. त्यावर तिने फोन बाबांकडे दिला.

मुंबईहून विमानाने हो ची मिन्ह सिटी, आणि तिथून आगगाडीने दा नांग. सतरा तास लागतात, विमानाने तास-सव्वा तासात होतं. पण ही गाडी मला बघायची होती. हनोई ते सायगाव हा १७२६ किलोमीटरचा लोहमार्ग फ्रेंचांच्या काळात १९३६मध्ये पूर्ण झाला, मग युद्धांत तुटला, देशाचे दोन तुकडे झाले, आणि देश एक झाल्यावर १९७६च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. परदेशी प्रवासी तिला 'रियुनिफिकेशन एक्सप्रेस' म्हणतात. आपल्या आजच्या कार्यक्रमाला हे नाव शोभलं असतं, पण बॅनर आधीच छापून झाला होता.

दा नांगहून होई आन साधारण तीस किलोमीटर. आम्ही एका घरगुती होमस्टेमध्ये उतरलो. नाश्ता आणि दोन सायकलींसकट खोलीचे दिवसाला साडेतीन लाख. दचकू नका, साडेतीन लाख डाँग. रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात, त्यामुळे नऊ दिवस नवरा लखपतीच्या थाटात वावरत होता. घरमालकीणबाईंनी नाव विचारायच्या आधी वय विचारलं. मला आधी खटकलं, मग कळलं की त्यांच्या भाषेत 'मी' आणि 'तू'च्या जागी नातीच वापरतात. समोरचा मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. त्या साठीच्या, म्हणून आम्ही त्यांना 'को' म्हणायचं, म्हणजे आत्या. मी आपली पुढे आत्याच म्हणते. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला व्हिएतनामी येत नव्हतं. सुनेच्या मोबाइलमधलं भाषांतर मध्ये बसायचं.

आता चहाची गोष्ट. नवरा शाकाहारी आहे आणि दर दोन तासांनी त्याला चहा लागतो. पहिल्याच दिवशी बाजारात एका बाईसमोर बसून त्याने हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, "चाय! चाय!" बाईने जोरात मान डोलावली आणि नूडल्सचा भला मोठा वाडगा आणून ठेवला. वर शेंगदाणे, तांदळाचा पापड, हिरवा पाला. त्याने पुन्हा सांगितलं, "नाही, नाही, चाय!" बाई दुखावली. वाडग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "चाय!" व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहाला 'चा'च्या जवळचा वेगळाच शब्द आहे. पुढे नऊ दिवस हा शब्द आमचा अन्नदाता झाला. तांदूळ-महिन्याच्या नव्हे, चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे 'चाय' लिहिलेल्या पाट्या जागोजाग असतात. मी मात्र समुद्राकाठी आले होते, मी मासे सोडले नाहीत. एवढंच सांगते की लेमनग्रास घातलेलं कालवण मला आवडलं, आपल्या तिरफळाला मात्र तोड नाही.

गाव कसं आहे? पिवळ्या भिंतींचं, कौलारू, थू बोन नदीच्या काठी. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे चिनी, जपानी, युरोपीय व्यापाऱ्यांची जहाजं लागायची. पुढे नदी गाळाने भरली, व्यापार दा नांगला गेला, आणि गाव मागे राहिलं. पैसाच नसल्याने कुणी जुनी घरं पाडून टोलेजंग काही बांधलं नाही. १९९९मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. आपल्या गोवळकोटच्या बंदरातही गाळच साचला, पण आपण घरं पाडायला कशाची वाट बघितली नाही. असो.

होई आनचा प्रसिद्ध जपानी पूल बघायला गेलो, तर दुरुस्तीसाठी त्याच्यावर मोठी शेड आणि भोवती परांची. मग नवऱ्याने खिशातून वीस हजारांची नोट काढली. तिच्यावर तोच पूल छापलेला आहे. "घे, बघ," म्हणाला. आम्ही शेडसमोर उभं राहून नोटेबरोबर फोटो काढला.

एक दिवस मी सन या चाम राजांच्या देवळांना गेलो, साधारण चाळीस किलोमीटरवर. चौथ्या शतकापासून तिथे भद्रेश्वर नावाने शंकराची पूजा होत असे, शिलालेख संस्कृतमध्ये आहेत. अमेरिकन बॉम्बफेकीत १९६९मध्ये बरीच देवळं कोसळली. उरलेली जपण्यात कझिमिएझ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाचा मोठा वाटा, होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्यानेही तिथे काही देवळांची डागडुजी केली, आणि त्या कामात २०२०मध्ये एक अखंड दगडी शिवलिंग सापडलं. चांगलं वाटलं बघून. पण मला खरं सांगायचंय ते देवळांबद्दल नाही.

आत्याचं माहेर जुन्या गावात, नदीपासून दुसऱ्या गल्लीत. एका सकाळी ती आम्हाला तिथे घेऊन गेली. पुढून अरुंद, आत लांबच लांब घर, मध्ये चौक. खांब फणसाच्या लाकडाचे, म्हणजे मला लगेच माहेरीच आल्यासारखं झालं. आणि भिंतीवर रेघा. प्रत्येक रेघेपुढे वर्ष. १९९९, २००७, २००९, २०१७. आणि सगळ्यांच्या वर, माझा हात पुरणार नाही इतकी उंच, १९६४.

तिने विचारलं, तुम्ही काय बघताय इतका वेळ? मी नवऱ्याकडे बघितलं. तो नागपूरचा, त्याला पूर पेपरात माहीत.

आपल्यापैकी जे इथे चिपळुणात होते त्यांना २२ जुलै २०२१ मी सांगायची गरज नाही. वरून पाऊस, खालून भरती, आणि वाशिष्ठी रात्रीत बाजारात. या शाळेच्याही तळमजल्यावर चिखल होता. मी पुण्यात होते. पहाटे बाबांचा फोन आला, "पाणी तिसऱ्या पायरीला आहे," आणि मग दोन दिवस फोन बंद. कंपन्यांचे सर्व्हर बंद पडले तर माहिती कशी वाचवायची, हे माझं काम आहे, त्याचा मला चांगला पगार मिळतो. त्या दोन दिवसांत मी फक्त नंबर फिरवत बसले. आईबाबा माडीवर होते, सुखरूप होते. खालचं वह्या-पुस्तकांचं दुकान मात्र गेलं. तेव्हापासून आमच्याकडे एकच वाद आहे. भाऊ म्हणतो, घर विका, वर डोंगराच्या बाजूला फ्लॅट घेऊ. बाबा म्हणतात, मी इथेच. मी दोघांच्या फोनवर हो म्हणते.

हे मी आत्याला मोबाइलमधून सांगितलं, तुकड्यातुकड्यांत. भाषांतर किती बरोबर झालं देव जाणे. पुराला ते 'लुत' म्हणतात, आणि पूर आपल्याकडे काय करतो हे बघता शब्द बरोबर आहे. ऐकून तिने हळहळ वगैरे केली नाही. उठली आणि मला छत दाखवलं. तक्तपोशीला एक चौकोनी भोक, वर लाकडी झाकण, कडेला कप्पी आणि दोर. पाणी येणार कळलं की सगळं सामान त्यातून वर. जड कपाट नाहीच ठेवायचं, ठेवलं तर तुकड्यांत सुटणारं. खांब दगडी बैठकीवर. आणि पाणी ओसरायला लागलं की झोपायचं नाही. गुडघाभर पाणी असतानाच झाडूने चिखल ढवळून त्या पाण्याबरोबरच बाहेर लोटायचा. पाणी गेल्यावर चिखल घट्ट बसतो, मग फावडी लागतात. आपण सगळ्यांनी फावडी वापरली, आठवतंय ना? मी वहीत सगळं लिहून घेतलं, कप्पीचं चित्र काढलं, भोकाची मापं नवऱ्याने शिंप्याकडच्या टेपने घेतली. त्याने तिथे दोन पँटी शिवायला टाकल्या होत्या, टेप मागून आणली. पँटी एका दिवसात मिळाल्या. एक छान बसते.

फाल्गुन चतुर्दशीला, म्हणजे २३ मार्चला, तिथे कंदिलांची रात्र होती. चांद्रमासाच्या प्रत्येक चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करतात आणि लोक नदीत कागदी दिवे सोडतात. गर्दी आपल्या शिमग्याएवढीच. आम्ही धक्क्यावर बसलो होतो, आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ढोल वाजत होते, इकडे दिवे. आईने विचारलं, "ती नदीच ना? भरते का?" मी म्हटलं, भरते. मग बाबा आले फोनवर आणि मी त्यांना कप्पी सांगितली. नवरा शेजारी दिवा हातात घेऊन वीस मिनिटं बसून राहिला, मेणबत्ती संपत आली तरी बोलला नाही. बारा दिवसांचं जे बघायचं होतं ते मी तिथे बघितलं.

बाबांचं पहिलं म्हणणं असं होतं की त्यांची नदी चढायला वेळ देते, आपली देत नाही. हे खरंच आहे. भावानेही तेच धरलं. दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग मे महिन्यात बाबांनी परस्पर सुतार बोलावला, माडीच्या तक्तपोशीला भोक पाडून घेतलं आणि होडीवाल्याकडून कप्पी आणली. भावाने त्यावर अट घातली की जुलै-ऑगस्टमध्ये रात्री झोपायला दोघांनी त्याच्याकडे वर यायचं. बाबांनी ती मान्य केली, म्हणजे आईने त्यांना करायला लावली. दुकानाचा माल आता खोक्यांत नसतो, दोर बांधलेल्या क्रेटमध्ये असतो. भिंतीवर दोन रेघा मारल्यात, २००५ आणि २०२१. घर विकायचं की नाही, तो वाद तसाच आहे. फक्त आता बोलताना कुणी फोन ठेवत नाही.

इथून आमचं घर पाच मिनिटांवर आहे, बाजारपेठेत. दुपारच्या जेवणानंतर ज्यांना बघायचंय त्यांनी जरूर या. बाबा आल्या-गेल्याला आईचं शिलाई मशीन वर चढवून आणि खाली उतरवून दाखवतात. दोराला हात लावायचा असेल तर आधी त्यांना विचारा.