शाल पाण्यात घालण्याआधी

आज एकाच गोष्टीबद्दल बोलूया: ब्लॉकिंग. म्हणजे विणून झालेली लेस ओली करायची, हवी तेवढी ताणायची, टाचण्या लावायच्या आणि तशीच वाळू द्यायची.

माझी पहिली लेसची शाल सुईवरून उतरली तेव्हा मी पार हिरमुसलो. चार महिने, रोज रात्री लॅपटॉप मिटल्यावर तासभर, आणि हातात काय आलं? चोळामोळा झालेलं मच्छरदाणीचं फडकं! पानांची नक्षी कुठे दिसेचना. मावशीच्या साठीला चार दिवस उरलेले. आई म्हणाली, "अरे, लोकर पाण्यात? आटेल ती! वरून इस्त्री फिरव."

तिची भीती खोटी नव्हती. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, शालीचा नमदा होतो आणि तो परत सुटत नाही. पण कोमट पाण्यात नुसतं बुडवून ठेवलं, तर पाणी लोकरीतल्या केराटिनचे हायड्रोजन बंध सैल करतं. वाळताना ते नव्या जागी जुळतात. ओले केस रोलरला गुंडाळले की वाळल्यावर कुरळे राहतात ना, अगदी तसंच. म्हणूनच शाल धुतली की पुन्हा ताणावी लागते. ॲक्रिलिकला मात्र नुसत्या पाण्याने फरक पडत नाही. तिथे वाफ लागते, आणि ती जास्त झाली तर कापड कायमचं लुळं पडतं.

तर, वीस मिनिटं भिजवली. पिळली नाही! दोन्ही हातांवर उचलली, कारण ओली लोकर स्वतःच्याच वजनाने लोंबते. टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभा राहिलो. मग लहान मुलांच्या एबीसीडीच्या फोम मॅटवर आधी मधला कणा, मग वरची सरळ कड, शेवटी एकेक टोक. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, गंजाचा डाग लोकरीतून जात नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या उन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम, की लग्नाच्या अंगठीतून आरपार जातात. त्या लाकडी चौकटीवर दोऱ्याने ताणून वाळवायचे. या कामाला तिथे 'ड्रेसिंग' म्हणतात, आणि ते करणाऱ्या बायका वेगळ्या असायच्या. एवढं ऐकल्यावर मला जरा बरं वाटलं, म्हणजे हे काम अवघडच आहे.

जुलै महिना, हवेत दमट. पंख्याखाली दोन दिवस लागले. मध्ये सतरा वेळा हात लावून पाहिला. टाचण्या काढल्या तेव्हा 110 सेंटीमीटरची शाल 160 झाली होती, आणि पानं! प्रत्येक पान वेगळं, मधून फरशी दिसत होती.

आईने चष्मा लावला, बोटांनी कड मोजली आणि म्हणाली, "डावीकडचं टोक दोन बोटं आखूड आहे."

होतं खरं. मावशीला तशीच दिली.