पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ

गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी आमच्या शाळेच्या संकेतस्थळाचा पत्ता मी फळ्यावर लिहिला आणि शेवटी, हाताच्या सवयीने, एक तिरकी रेघ ओढली. मुलांनी तो मोबाइलवर जसाच्या तसा टिपला. पडद्यावर उमटले ४०४, म्हणजे पान सापडत नाही! एक पोर तर रडायलाच लागली. तिला वाटले, आपले नावच नाही. मग कुणीतरी रेघ गाळून पाहिली, निकाल उघडला. पोर पास होती.

एवढ्याशा रेघेने काय बिघडते? मूळ जुने आहे. युनिक्स यंत्रणेत फोल्डरची आणि फाइलची नावे या रेघेने जोडत. शेवटी रेघ आली की समजायचे, हा फोल्डर. आज संकेतस्थळाच्या मागे असे फोल्डर असतातच असे नाही. तिथे पत्त्यांची एक यादी असते आणि आलेला पत्ता तिच्याशी अक्षरशः ताडून पाहतात. गावचा पोस्टमन आडनाव चुकले तरी घर गाठतो हो, पण यंत्राला तेवढी ओळखदेख कुठली?

संकेतस्थळ बांधायचे तयार सांगाडे मिळतात. २००५ साली आलेला जँगो पत्ता जुळला नाही तर शेवटी रेघ जोडून पाहतो; जुळला, की ब्राउझरला तिकडे धाडतो. २०१० च्या फ्लास्कची तऱ्हा निराळी. यादीत रेघ असून तुम्ही ती विसरलात तर तो वाट दाखवतो. यादीत नसताना तुम्ही घातलीत तर सरळ ४०४. आमचे नेमके हेच झाले होते.

शिक्षकबंधूंनो, खरा धोका पुढेच आहे. तुम्ही चाळीस मुलांची माहिती भरून पाठवली आणि फॉर्मच्या पत्त्यात रेघ राहिली. जँगो '३०१' हा इशारा देऊन दुसऱ्या पत्त्यावर धाडतो. ब्राउझर जातो खरा, पण रिकाम्या हाताने. भरलेले सारे वाटेत गळते. बांधणी चालू असताना जँगो अशी चूक दाखवून थांबतो, म्हणून बांधणाऱ्याने तेव्हाच फॉर्म पाठवून पाहावा. फ्लास्क आता '३०८' देतो; त्यात भरलेली माहिती सोबत जाते.

आमचे संकेतस्थळ शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने केलेले. त्याला कळवले. त्याने यादीतल्या त्या पत्त्याच्या शेवटी एक रेघ घातली, बस्स. आता मी फळ्यावर रेघ ओढली काय नि विसरलो काय, निकाल उघडतो.