शरीरबळाचे मोजमाप

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कोल्हापूर येथे केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या शरीरस्वास्थ्याविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. ती स्वीकारताना मन थोडे अपराधी होते. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्यास कुस्तीस्पर्धेत खालच्या वजनगटात उतरावयाचे होते. त्याने दोन दिवस पाणी जवळजवळ वर्ज्य केले, जाड स्वेटर घालून उन्हात धाव घेतली, आणि वजनकाट्यावरून उतरता उतरता तो घेरी येऊन पडला. काट्याजवळ आम्हीच उभे होतो. सकाळी त्यास शाबासकी देणारेही आम्हीच. सलाइन लावल्यावर मुलगा सावरला. आम्ही मात्र अद्याप सावरलो नाही.

कोल्हापूर ही मल्लांची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, मोतीबाग आणि गंगावेस यांसारख्या तालमी, यांच्या छायेत वाढलेल्या आम्हां लोकांस शरीर पाहताच त्याची किंमत करण्याची सवय जडली आहे. मान जाड, दंड भरदार, की पोरगा तयार! वस्तादांच्या नजरेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु नजर फसते, याचा दाखला याच गावचा आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत असता, त्यांची किरकोळ देहयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांस प्रथम नाकारले आणि प्राचार्यांनी उतरू दिले, अशी आठवण सांगतात. त्याच खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे जपानी मल्लाशी दीर्घ झुंज झाल्यावर त्यांस लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले. मधली अर्ध्या तासाची विश्रांती मागण्यास आपला एकही अधिकारी हजर नव्हता, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्या अर्ध्या तासाची किंमत काय, हेच व्यायामाचे शरीरशास्त्र मोजते.

श्रम थांबले तरी हृदय लगेच थांबत नाही. स्नायूंची प्राणवायूची उधारी फेडीत ते काही काळ धावतच राहते. व्यायामाने कसलेले हृदय एकेका ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलते, म्हणून ते लवकर शांत होते. प्रयोगशाळेत चालत्या पट्ट्यावर मनुष्यास दमेपर्यंत धाववितात, तोंडास मुखवटा बांधून त्याचा श्वास तपासतात, आणि शरीराच्या दर किलोमागे मिनिटास किती मिलिलिटर प्राणवायू वापरला, ते काढतात. वजनाने भागावयाचे असल्यामुळे नुसती चरबी वाढविणाराचा आकडा खालीच येतो! हे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणेल, तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचीच प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली होती, हे स्मरावे.

एवढी यंत्रे आपणांस कोठून मिळणार? परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठात एक परीक्षा तयार झाली, तीस एक लाकडी पायरी आणि एक घड्याळ पुरते. पायरी २० इंच उंच. मुलींसाठी त्याहून बुटकी. मिनिटास ३० वेळा चढावयाचे व उतरावयाचे, अशी ५ मिनिटे. मग बसवून, पहिले, दुसरे आणि तिसरे मिनिट संपताच प्रत्येकी अर्धा मिनिट नाडी मोजावयाची. तिन्ही आकड्यांच्या बेरजेच्या दुपटीने ३०,००० ला भागावे. ९० च्या वर उत्तम, ५५ च्या खाली निकृष्ट. ५ मिनिटे पुरी न करणारास जितके सेकंद झाले, त्यांची शंभरपट घ्यावी. छातीत कळ येणाराने किंवा हृदयविकार असणाराने ही परीक्षा वैद्यकीय सल्ल्यावाचून मुळीच देऊ नये.

गेल्या महिन्यात वसतिगृहात आम्ही ती घेतली. पहिला उतरला तो आमचा तोच पैलवान. नाडी ८५, ७२ आणि ६३. बेरीज २२०, म्हणून गुण ६८. त्याच्यामागून पहाटे सायकलवरून दूध घालणारा एक सडपातळ मुलगा चढला. त्यास तालमीत कोणी विचारीत नाही. ६२, ५२, ४६, गुण ९४! पैलवानाने तीनदा बेरीज तपासून पाहिली. अर्थात या परीक्षेने डावपेच किंवा मनगटाची पकड मोजली जात नाही. ते वस्तादांचेच क्षेत्र.

वजन घटविण्याची गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. १९९७ साली अमेरिकेत नोव्हेंबर व डिसेंबर या दोन महिन्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल घाम गाळून वजन उतरविता उतरविता मरण पावले. त्यानंतर तेथे नियम झाला की, प्रथम लघवीची घनता पाहावयाची; ती १.०२० पेक्षा अधिक, म्हणजे शरीर कोरडे पडलेले असेल, तर मोजमापच करावयाचे नाही. मग अंगातील चरबी मोजून मल्लाचे किमान वजन ठरवितात, आणि त्याखालच्या गटात उतरू देत नाहीत. लघवीची ही तपासणी आपल्या कोणत्याही साध्या रोगनिदान प्रयोगशाळेत होते.

मंडळाकडे आमचे मागणे अल्प आहे. वसतिगृहातील प्रत्येक मल्लाची अशी तपासणी स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावी, तीन महिन्यांनी पायरीची परीक्षा व्हावी, आणि दोहोंची नोंद एका वहीत राहावी. पायरी आपल्याच एका सुतारबंधूंनी विनामूल्य करून दिली आहे. वही आम्ही आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची हकीकत, आमच्या नावासह, लिहून ठेविली आहे.